आढीत घातलेली कादंबरी

मित्रांनो, जरा सांभाळून बसा. माझ्या काठाचे खिळे वर आले आहेत, हाताला लागतील. मी आंब्याची लाकडी पेटी. आता फार थकले आहे. नुसत्या वाऱ्यानेही माझ्या फळ्या कुरकुरतात आणि एका कोपऱ्याला वाळवी लागून गेली आहे. खरे तर आमच्या जातीला थकायची वेळच येत नाही. फाल्गुनात ठोकली, चैत्रात भरली, वैशाखात मुंबईच्या बाजारात फोडली, की पेटीचे आयुष्य संपले. माझे मात्र संपले नाही. मी मागे राहिले. का राहिले आणि राहून काय पाहिले, ते सांगते.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला, कारखान्यांच्या वसाहतीपलीकडे, एका पत्र्याच्या मांडवात मी जन्मले. साल होते एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. हरिश्चंद्र नावाचे गृहस्थ तिथे पेट्या ठोकत. मूठभर खिळे तोंडात धरायचे, एकेक ओठांतून काढायचा आणि फळीत बसवायचा. सावरीच्या हलक्या फळ्या आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, म्हणजे आतल्या आंब्याला वारा लागतो. माझी पाळी आली आणि नेमकी त्यांना कोणीतरी हाक मारली. ‘ओ’ द्यायला मान वळली, खिळा तिरका गेला आणि माझी खालची फळी टोकापर्यंत चिरली. त्यांनी मला उलटसुलट पाहिले, चुकचुकले आणि तशीच ढिगावर टाकली. हंगाम तोंडावर होता. एका फळीसाठी थांबायला कोणाला सवड होती?

तो ढीग आप्पांच्या घरी गेला. आप्पा म्हणजे जुने बागायतदार. शहराच्या कडेला, कातळाच्या उतारावर त्यांचे घर आणि घरामागे हापूसची बाग. पेट्या मोजून घेताना त्यांनी मला उचलले आणि चिरलेल्या फळीवर टिचकी मारली.

“ही बघा! ही पाठवली तर दलाल म्हणेल, आप्पांची बाग आटली, आता फुटक्या पेट्या धाडतायत. टाका हिला न्हाणीच्या चुलीत.”

“असू दे हो. मला हवी आहे ती,” आतून आवाज आला. त्या होत्या कुसुमबाई, आप्पांच्या पत्नी आणि प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका.

“तुला? तू कोणाला आंबे पाठवत्येस?”

“आंबे नाही. कल्पना ठेवायच्यात.”

आप्पा हसत सुटले. पण मी चुलीत गेले नाही. माझ्या बहिणी लॉरीत चढून निघून गेल्या आणि मी आढीच्या खोलीतल्या फडताळाखाली जाऊन बसले. उघड्या दारातून तिथून पडवी आणि माजघर दिसे आणि घरातले सगळे बोलणे ऐकू येई.

आता कल्पना कसल्या, ते सांगायला हवे. गावातल्या एका वाचनालयाने त्या वर्षीपासून दरवर्षी एक आव्हान मांडायला सुरुवात केली होती. जून महिनाभर लिहायचे आणि महिना संपताना पुरी कादंबरी आणून द्यायची. जूनच का, तर आमच्याकडे तेव्हा आंबा संपलेला असतो, लावणीला अवकाश असतो आणि पावसामुळे माणूस घरातच असतो. बक्षीस असे काही नव्हते. जो पुरी करील, त्याने पहिले प्रकरण वाचनालयात वाचून दाखवायचे आणि त्याची कादंबरी पुठ्ठा बांधून कपाटात इतर पुस्तकांशेजारी ठेवायची. एवढेच. पण कुसुमबाईंना तेवढेच हवे होते. जन्मभर त्यांनी मुलांना दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्या कपाटात एक आपली असावी, अशी त्यांची इच्छा होती. लिहायला जून होता. विषय मात्र त्याआधी सापडायला हवा होता.

त्यासाठी त्या डोळे उघडे ठेवून फिरत. बुरोंडीच्या किनाऱ्यावर त्यांना एक होडी दिसली. तिच्यावरचे जुने नाव खरवडून नवे रंगवले होते. जुने नाव कोणाचे असेल? लगेच चिठ्ठी लिहिली आणि माझ्यात टाकली. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेल्या, तेव्हा पायऱ्यांवर एक बाई बसलेली पाहिली. इतका चढ चढून ती आली होती, पण देवळात न जाता बाहेरूनच परतली. दुसरी चिठ्ठी. एस.टी. स्थानकात गावांची नावे पुकारणारा एक माणूस होता, तो त्यातल्या बहुतेक गावांना कधी गेलाच नव्हता. तिसरी चिठ्ठी. एके दिवशी आप्पांनी माझ्यात डोकावून पाहिले आणि चिठ्ठ्यांवर मूठभर भाताचा पेंढा पसरला.

“नुसत्या कशा पिकतील गो? आढीत घातल्यात, तर नीट घाल!”

ही थट्टा होती. कुसुमबाईंनी मात्र तो पेंढा काढला नाही.

मित्रांनो, आढी म्हणजे काय हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल. झाडावरून काढलेला आंबा हिरवा आणि कडक असतो. तो पेंढ्यात ओळीने मांडायचा, वर पेंढा पांघरायचा आणि वाट पाहायची. अधूनमधून पाहावे, नासका दिसला तर काढून टाकावा, नाहीतर तो शेजाऱ्यालाही नासवतो. बाकी आपण काही करायचे नसते. आंबा आपला आपण पिकतो.

माझ्यातल्या चिठ्ठ्या मात्र कधी पिकल्या नाहीत.

दरवर्षी तेच व्हायचे. मे महिन्यात घर माणसांनी भरायचे. आप्पांचा पुतण्या निलेश मुंबईहून बायको-मुलांना घेऊन यायचा. गडीमाणसे असायची, आंबे निवडायला सगुणा असायची. दुपारी सगळी आढीच्या खोलीत बसून आंब्यांची प्रतवारी करायची आणि कुसुमबाईंच्या तोंडी ती नवी कल्पना यायची. शिक्षिकाच त्या! काही सुचले आणि चार जणांना सांगितले नाही, असे त्यांच्या हातून होईना. होडीची गोष्ट त्यांनी सांगायला घेतली, तेव्हा मी तिथेच होते.

“काकी, ह्यात एक खून पाहिजे,” निलेश म्हणाला. “होडीत प्रेत सापडतं. त्याशिवाय कोण वाचणार?”

“काय मेला खून!” सगुणा म्हणाली. “जुनं नाव पहिल्या बायकोचं, नवं नाव दुसरीचं. होडी बुडवा नि दुसरीला पण बुडवा.”

“आणि होडीचं कर्ज?” आप्पा म्हणाले. “ते कोण फेडणार? आधी ते ठरव.”

सगळी हसली, कुसुमबाईही हसल्या. निलेशचेही त्यांना थोडे पटले, सगुणाचेही पटले. जून उजाडला तेव्हा त्या होडीत प्रेत होते, दोन बायका होत्या, बँकेचा माणूस होता. फक्त किनाऱ्यावर उभे राहून जे कुसुमबाईंच्या मनाला लागले होते, तेच कुठे नव्हते. चार पाने लिहून त्यांनी लेखणी ठेवली. हापूसमध्ये कधी कधी असे होते. वरून फळ सोन्यासारखे दिसते आणि कापले की आत पांढरा, चरबट साका निघतो. कुसुमबाईंनी ती चिठ्ठी माझ्यातून काढली आणि फाडून टाकली.

पायऱ्यांवरच्या बाईचे असेच झाले. गावांची नावे पुकारणाऱ्याचेही असेच झाले. दर मेमध्ये मी भरायची आणि दर जूनमध्ये रिकामी व्हायची. मित्रांनो, वजन उचलून पेटी थकते असे लोकांना वाटते. तसे नाही. पुन्हा पुन्हा रिकामे होण्याने ती जास्त थकते.

त्याच वर्षांत आमच्या घरी पुठ्ठ्याचे खोके येऊ लागले. हलके, देखणे, वर आंब्याचे रंगीत चित्र. मिरजोळ्याच्या त्या मांडवातली ठोकाठोक कमी कमी होत बंद पडली, असे कोणी बोलताना मी ऐकले. परसात उरलेल्या जुन्या लाकडी पेट्या एकेक करून न्हाणीच्या चुलीत गेल्या. सकाळी पाणी तापायचे, पहिल्याने धूर व्हायचा, मग सावरीचे लाकूड भराभर जळायचे. तो वास मला ओळखीचा वाटे.

कुसुमबाई निवृत्त झाल्या. डोळ्यांचे ऑपरेशन झाले, गुडघे दुखू लागले. दोन हजार चारचा मे आला, तेव्हा माझ्यात एकही चिठ्ठी नव्हती. त्या वर्षी त्यांनी बुरोंडीला जाऊन पाहिले, एस.टी. स्थानकात बसून पाहिले. काही म्हणजे काही सुचले नाही. एका सकाळी त्यांनी मला फडताळाखालून ओढले, तळाचा जुना पेंढा उचलून पाहिला आणि आप्पांना म्हणाल्या, “आता पुरे झालं. ह्या जूनला लिहून झालं नाही, तर ही पेटी चुलीत घाला. मी पण वाचनालयात नाव द्यायचं सोडते. लोकांना हसायला किती वर्षं पुरवायचं?”

“हसतंय कोण तुला?” आप्पा म्हणाले.

“तुम्हीच हसता.”

आप्पांनी मला पुन्हा फडताळाखाली सरकवले. कुसुमबाईंच्या कादंबरीचा आणि माझा जीव आता एकाच दोरीला बांधलेला होता.

मे संपत आला. एके दिवशी घरातल्या सगळ्या मुलांना पेज वाढायची होती. मुले बागभर पांगली होती. कुसुमबाई पडवीत उभ्या राहिल्या आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा त्यांनी एकेकाला हाका मारायला सुरुवात केली. “उन्मेष! उर्वी! ओवी! गंगा!”

मुले धावत आली. गंगा मात्र आली नाही. कारण त्या नावाचे घरात कोणी नव्हतेच.

“काकी, ही गंगा कोण आणि?” निलेशने विचारले. “आमच्या पोरांत एक वाढवलीत काय?”

“अरे, कोणी नाही. चुकून आलं तोंडात,” कुसुमबाई म्हणाल्या. पण वाढता वाढता त्यांचा हात थांबला. पेज वाडग्याच्या काठावरून सांडली, तरी त्यांच्या लक्षात आले नाही. मग त्या लगबगीने आढीच्या खोलीत आल्या, एक चिठ्ठी लिहिली, तिची घट्ट घडी घातली आणि माझ्यात टाकली. त्या नावातून त्यांना काहीतरी सुचले होते, एवढे मला कळले. काय सुचले, ते कळले नाही. त्यांचा चेहरा मात्र उजळला होता. दुपारी सगळी जमली की त्या सांगणार, हे मला ठाऊक होते. अंगावर काटा येणे पेटीला शक्य असते, तर तेव्हा आला असता.

दुपार झाली. सगुणा पेंढा झटकत होती, आप्पा सुपारी कातरत होते. कुसुमबाईंनी घसा साफ केला. “ऐका रे, आज मला काय सुचलंय...” एवढे त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर आढीकडे गेली. निलेश गुडघ्यांवर बसून ओळीने आंबे दाबत चालला होता. एकाला अंगठा लावायचा, नाही वाटले की दुसऱ्याला, मग तिसऱ्याला.

“अरे मेल्या! काढ, अंगठा काढ आधी!” कुसुमबाई कडाडल्या. “दाबून बघतात काय आंबा? आंबेवाल्यांच्या घरचा ना तू?”

“अहो काकी, पिकलाय का बघतोय नुसता.”

“नुसता? तू नुसता दाबलास, मग हे येऊन नुसते दाबतील, मग पोरं दाबतील. कोणी वाईट मनाने दाबत नाही, पण प्रत्येकाचा अंगठा आत उतरतो बरं. पिकायच्या आधी नासून जातो तो! पिकला की वास येतो. नाही आला वास, तर पेंढा घालायचा आणि गप...”

त्या ‘गप’वर त्या थांबल्या. हातातला आंबा हातातच राहिला.

“थांबलीस का गो?” आप्पा म्हणाले. “आणखी चार दे त्याला. मुंबईला जाऊन बिघडलाय.”

“आणि तुम्ही काहीतरी सांगत होतात ना बाई?” सगुणाने आठवण केली. “काय सुचलंय म्हणालात?”

कुसुमबाईंनी आंबा पेंढ्यात ठेवला. “काही नाही,” त्या म्हणाल्या. “अजून आढीत आहे.”

मित्रांनो, जन्मभर आंब्याच्या घरात राहिलेल्या, दर मेमध्ये मुलांच्या हातावर चापटी मारणाऱ्या त्या बाईंना ही साधी गोष्ट आपल्या कल्पनांच्या बाबतीत कधी दिसली नव्हती. कधी कधी जे आपण दुसऱ्याला रोज शिकवतो, ते आपल्या कानांवर पडायला फार उशीर होतो.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. बोलक्या माणसाला गप्प राहणे फार जड जाते. कुसुमबाई दिवसातून कितीदा तरी दारापर्यंत यायच्या, ओठ उघडायच्या आणि परत फिरायच्या. निलेश जाताना म्हणाला, “काकी, निदान खून आहे की नाही एवढं तरी सांगा!” त्या हसल्या आणि त्याच्या हातात आंब्याची करंडी दिली. सगुणा म्हणे, “आमच्यावरच लिहिताय की काय बाई? म्हणून लपवताय!” सगळ्यांत कठीण झाले ते आप्पांचे. त्यांना वाईट वाटले. ते सरळ रुसलेच. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, “बाहेरच्यांना नको सांगू. पण मला? इतकी वर्षं संसार केला, तो काय परक्याशी केलास?”

कुसुमबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा त्या जवळजवळ सांगून बसल्या होत्या. मी तशीच कानोसा घेत राहिले.

“अहो, परके नाही तुम्ही,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमचंच तर मला सगळ्यांत जास्त पटतं. म्हणून नाही सांगत.”

आप्पांनी भात कालवला. मग म्हणाले, “मीठ वाढ थोडं.” आमच्याकडे समजूत पटली की असेच काहीतरी बोलतात.

जून लागला. कुसुमबाईंनी चिठ्ठी काढून घेतली, मला खिडकीपाशी पालथी घातली, वर चादर पसरली आणि माझ्यासमोर पाय मुडपून बसल्या. अशी मी त्यांचे मेज झाले. लिहिणे म्हणजे गंमत असते असे मला वाटायचे. तसे नसते. पावसाने कागद सादळत, शाई फुटे, वीज जाई. गुडघ्यांनी साथ सोडली की त्या उठून भिंतीला धरून येरझाऱ्या घालत आणि पुन्हा बसत. मध्यावर गोष्ट अडली. कित्येक दिवस त्यांचे नुसते कोपर माझ्या पाठीवर टेकलेले असे आणि कागद कोरा. तरीही त्या कोणाला विचारायला गेल्या नाहीत. माझ्या चिरलेल्या फळीवर त्यांच्या हाताचा सगळा भार येई. ती रोज थोडी अधिक वाके. पण मोडली नाही. मोडून चालणार नव्हते.

महिना सरता सरता एका दुपारी त्यांनी शेवटचे पान लिहिले. पाने टाचली नाहीत, पूजा केली नाही. पाने गोळा करून त्या पडवीत गेल्या आणि आप्पांसमोर बसल्या.

“ऐकता?”

“आता चालेल काय मला सांगितलेलं?” आप्पांनी विचारले. आवाजात अजून थोडा रुसवा होता.

“आता चालेल.”

आणि त्यांनी वाचायला घेतले. तेव्हा मला कळले की बुरोंडी-आंजर्ल्याला हिंडून जे सापडले नाही, ते त्यांच्या शाळेतच होते. ती एका शिक्षिकेची गोष्ट होती. तिच्या वर्गातली गंगा नावाची मुलगी एक दिवस शाळेत येईनाशी होते. घरची माणसे गाव सोडून गेलेली असतात, कुठे ते कोणालाच ठाऊक नसते. तिचे नाव कमी करायला सांगतात, पण ती शिक्षिका रोज हजेरीत ते नाव घेतच राहते आणि वर्गातली मुले रोज एक क्षण थांबतात. आप्पा हातातली सुपारी विसरले. पाऊस पडत होता आणि ते ऐकत होते. एकदाच त्यांनी मध्ये तोंड घातले.

“ती येते काय गो शेवटी?”

“ऐका तर खरं.”

“नाही, पण आली पाहिजे. मी सांगतो तुला, तिला एक...” आप्पा बोलता बोलता थांबले. आपला अंगठा आपल्यालाच दिसावा तसे ते जरा ओशाळले. “बरं, वाच. वाच तू.”

कादंबरी वेळेवर वाचनालयात गेली. कुसुमबाईंनी पहिले प्रकरण वाचले, तेव्हा पावसामुळे माणसे फारशी आली नव्हती. छत्र्यांचे पाणी जमिनीवर साचले होते, असे आप्पा घरी येऊन सांगत होते. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकीने डोळे पुसले, एक जण घोरला. त्यानंतर हिरवा पुठ्ठा बांधून ती कपाटात गेली. कोणी फार वाचली असेल असे नाही. पण ती तिथे आहे.

यानंतर आषाढात पावसाने झोडपून काढले. परसातले सगळे सरपण भिजले. एका सकाळी न्हाणीची चूल काही केल्या पेटेना. आप्पा धुराने खोकत आत आले, कोरडे लाकूड शोधू लागले आणि त्यांना मी दिसले. वाकलेली, चिरलेली, काम संपलेली. त्यांनी मला काखेत मारले. माझी काही तक्रार नव्हती. कादंबरी झाली होती. मी मनातून तयारही होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. “अहो, ती नको.”

“का? झालं ना तुझं लिहून?”

“झालं. पण तिच्यात आहे काहीतरी.”

आप्पांनी माझ्यात पाहिले. तळाशी पेंढा होता. नवा, कोरडा. तो कधी घातला गेला, ते दमून पडलेल्या मलाही कळले नव्हते. त्यांचा हात पेंढ्यापर्यंत गेला. मग त्यांनी तो मागे घेतला, पेंढा कडेने थोडा विसकटला होता तो नीट सारखा केला आणि मला उचलून फडताळाखाली नाही, तर वरच्या कोरड्या फळीवर ठेवले. त्यांनी काही विचारले नाही. छत्री घेतली आणि शेजारून चार सुकी लाकडे मागून आणायला पावसात निघून गेले.

मित्रांनो, मी अजून त्याच फळीवर आहे. दमले आहे आणि किती दिवस टिकेन ते सांगता येत नाही. तुमच्याही घरात कोणीतरी मनात काही पिकत ठेवले असेल. एखादी गोष्ट असेल, एखादे चित्र असेल, एखादा बेत असेल. त्यांनी सांगितले नाही म्हणून रुसू नका, आणि सांगितलेच तर आधी पुरते ऐकून घ्या. आणि घरातली एखादी जुनी, मोडकी वस्तू चुलीकडे न्यायला निघालात, तर दारातून एकदा आत हाक मारून विचारा, कोणाला हवी आहे का. उत्तर येईपर्यंत जरा थांबा.